समोरच्यांचा गोल

घोडनदी फुटबॉल क्लब पाच वर्षं चालला. त्या पाच वर्षांत समोरच्या संघांनी मंचरजवळच्या आपल्याच मैदानावर येऊन सत्त्याऐंशी गोल केले, आणि ते सगळेच्या सगळे लोणीच्या गेणभाऊ वाळुंजांनी आनंदाने पुकारले. क्लबाने स्वतः केले एकोणचाळीस. तेही गेणभाऊंनीच पुकारले, आणि तितक्याच आनंदाने. भांडण या 'तितक्याच'वर झालं.

गेणभाऊ मूळचे घाटातले. घाट म्हणजे बैलगाड्यांचा. खालून गाडा सुटतो, चढावरून अकरा-बारा सेकंदांत वर निशाणापाशी येतो, या एका धावेला बारी म्हणतात, आणि तेवढ्यात मांडवातल्या माणसाला मालकाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, बैलांचे गुण आणि वरून एखादा टोमणा एवढं सगळं बसवावं लागतं. ते गेणभाऊ बावीस वर्षं बसवत होते. उजवा हात कानावर, डोळे अर्धे मिटलेले आणि आवाज असा, की लोणीत बोलले तर पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी 'ओ' द्यायची.

"बारीऽऽ आलीऽऽ! बघा बघा बघा, सावळा बैल बघा, नवरदेव निघालाय, नवरदेव! आंऽऽगं! झाली झाली झाली, अकरा सेकंद ब्याऐंशी पॉइंट! मालकाचं नाव ऐका, उगं टाळ्या वाजवू नका!"

नाव ऐका, हा त्यांचा कायदा. गाडा जुंपायच्या आधी मालकाने मांडवात येऊन नाव, बापाचं नाव आणि गाव सांगायचं. न सांगता कुणी गाडा सोडायला लागला, तर गेणभाऊ माईकवरूनच म्हणायचे, "थांबा पावणं. नाव न्हाई तर बारी न्हाई. बैलाला बाप नसंल, तुमाला असंल." एकदा एका बड्या माणसाचा गाडा त्यांनी असाच दहा मिनिटं उभा ठेवला होता. बडा माणूस स्वतः मांडवात आला आणि बापाचं नाव सांगून गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. शर्यत घड्याळाशी असते. त्यामुळे बावीस वर्षांत गेणभाऊंनी हरलेला माणूस पाहिला नव्हता. काहींना सेकंद जास्त लागायचे, एवढंच. शेवटच्या नंबराच्या गाड्यालाही तीच पुकार, तोच 'आंऽऽगं', तोच टोमणा. गाडा वर आला की पुकारायचं. का पुकारायचं, हा प्रश्न घाटात कुणाला पडत नाही.

मग कोर्टाची बंदी आली आणि घाट बंद पडले. बैल दावणीला, माईक पोत्यात आणि गेणभाऊ ओसरीवर. ते वर्ष घरच्यांना फार जड गेलं. प्रयागबाई, म्हणजे गेणभाऊंच्या मंडळी, अजून त्या वर्षाचं नाव काढलं की कपाळावर हात मारून घेतात.

"कोंबड्या पुकारायचं वं! सकाळी खुराडं उघडलं की सुरू. 'तांबडी निघाली, तांबडी निघाली, मागनं तुरेवाली!' मी भाकरी थापाय बसले की माजी भाकरी पुकारायचं. 'फुगली फुगली फुगली!' एक दिस म्हणलं, परत भाकरीला बोलला तर तवा घालीन टाळक्यात. तर तीन दिस बोललंच न्हाईत. त्या तीन दिसाचं मला लई भ्या वाटलं."

तेवढ्यात भरतशेठ आले. भरतशेठ आंबेगावचेच, प्लॉटिंगचा धंदा. मंचरजवळची त्यांची एक मोठी जागा विकली जात नव्हती. मुलगा पुण्याच्या शाळेत फुटबॉल खेळायला लागला होता, म्हणून शेठनी त्या जागेवर गवत लावलं, तिन्ही बाजूंना पायऱ्या बांधल्या आणि देशाच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये संघ उतरवला. मुलाने पुढच्या वर्षी बॅडमिंटन घेतलं. तोवर मणिपूरहून गोलकीपर येऊन बसला होता, त्यामुळे मागे फिरता येईना.

शेठ बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याचा गुडघा दाबतात. ओसरीवर बसून त्यांनी गेणभाऊंचा गुडघा दाबला. "गेणभाऊ, मला खेळातलं काय कळत न्हाई. आपली लोकं घाटाला बसायची, ती तितं बसली पायजेत. माईक तुमच्याकडं."

गेणभाऊंनी एकच विचारलं, "मालक किती?"

"मालक मी एकटाच की."

"आन् पळणार अकरा? मंग मी नाव कुणाचं घेऊ?"

शेठनी परत गुडघा दाबला. "जो गोल घालंल त्याचं घ्या."

गेणभाऊंनी शंभर पानी वही आणली. आपल्या संघाची नावं एका दुपारी झाली. पोरं मैदानाच्या कडेला रांगेत उभी, आणि गेणभाऊंची हिंदी टीव्हीवर शिकलेली. "बेटा, पिताजी का शुभनाम? गाव? तालुका?" केरळच्या एकाने तालुका सांगितला, तेव्हा गेणभाऊंनी मान हलवली, "हां, आपल्यासारकंच हाय तिकडं." पण समोरच्या संघांचं काय? तर दर सामन्याच्या चार दिवस आधी गेणभाऊ त्यांच्या मॅनेजरला फोन लावायचे आणि अठराच्या अठरा पोरांचे बाप आणि गावं उतरवून घ्यायचे. पहिल्या वर्षी कोलकात्याच्या मॅनेजरला वाटलं, पोलीस आहेत. त्याने दोन पोरं संघातून काढली.

शिलाँगचा संघ यायचा होता तेव्हा तिकडचा मॅनेजर म्हणाला, "काका, हमारे इधर माँ का चलता है. कुल माँ का, घर माँ का."

गेणभाऊंनी पेन उचलला. मग वहीत 'बाप' खोडून 'आई' लिहिलं. रविवारी मैदानावर पुकारलं, "थेइलिनबाईंचे चिरंजीव!" आंबेगाव तालुक्याच्या मैदानात आईच्या नावाने गोल लागला. पायऱ्यांवरच्या बाया पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या. घरी आल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "चांगला मुलूख दिसतोय. लांब हाय का?"

तर पहिल्या सामन्याचा पहिला गोल समोरच्यांनी घातला. पायऱ्यांवर अडीच हजार माणसं गप्प. आणि पत्र्याच्या मचाणावरून गेणभाऊ: "आंऽऽगं! झाला झाला झाला! काय मारलाय, काय मारलाय, जाळीला विचारा काय मारलाय! नाव ऐका, उगं रडू नका!" मग पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. लोकांना आधी कळेना, टाळी द्यावी का शिवी. मग सवयीने टाळी दिली. आमची माणसं पुकार झाली की टाळी देतात, तो हाताचा गुण आहे.

पाहुणे खूश झाले. आपला मणिपूरचा गोलकीपर तेवढा मध्यंतरात मचाणाखाली आला. "काका, मैं गोल खाता है, आप इतना खुश क्यूँ होता है?"

"बेटा, तू भी अच्छा कूदा. वो भी बोलूँगा," गेणभाऊ म्हणाले. दुसऱ्या अर्ध्यात बोललेही. "उडी बघा, उडी! चेंडू गेला त्याला इलाज न्हाई, पण उडी बघा!" गोलकीपरने नंतर विषय काढला नाही.

दोन वर्षं असंच चाललं. शेठचं म्हणणं, पाहुण्यांचा मान राहतोय, राहू द्या. तिसऱ्या वर्षी शेठनी क्लब एका कंपनीला विकला. कंपनीने आधी नाव बदललं. 'पुणे लेपर्ड्स' ठेवलं आणि छातीवर बिबट्याचं तोंड असलेले शर्ट गावोगाव फुकट वाटले. आमच्याकडे ज्याचं कुत्रं गेल्या आठवड्यात उचललंय त्याला बिबट्याचा शर्ट देणं, याला धाडस म्हणतात. कुणी घातले नाहीत. प्रयागबाईंनी त्यांचा शर्ट मक्यातल्या बुजगावण्याला घातला. "कामाचा निघाला," त्या म्हणतात. "डुकरं यायची थांबली." मैदानावर लोक 'घोडनदी'च ओरडायचे.

पाचव्या वर्षी कंपनीने ऋषीला पाठवलं. ऋषी पुण्याचा, वय सव्वीस, डोळ्यांवर नाही तर डोक्यावर गॉगल, आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी 'बेसिकली'. माणूस वाईट नव्हता. चहा दिला की कप स्वतः विसळून ठेवायचा. संघ तेव्हा तळाला होता, दोन घरचे सामने राहिले होते, आणि त्यातल्या पहिल्यात निदान बरोबरी झाली नाही तर संघ खालच्या लीगमध्ये जाणार होता. ऋषी मचाणावर चढून आला.

"काका, बेसिकली, फीडबॅक असा आहे की ऑपोनंटचा गोल झाला की आपलं मोराल डाऊन होतं."

"कुणाचं?"

"टीमचं. स्पॉन्सरचं. सगळ्यांचं. तर आता ऑपोनंटचा गोल फ्लॅट जाऊ दे. फक्त नाव, नंबर, मिनिट. एक्साइटमेंट झिरो."

"झिरो म्हंजी कसं?"

"म्हणजे... अनाउन्स न केल्यासारखं अनाउन्स करायचं."

"आन् बाप?"

"बाप नाही. काका, मी तुमच्यासाठी वर भांडलोय. ते म्हणत होते, आत्ताच काढा, पुण्याहून डीजे आणा. मी म्हणालो, एक चान्स द्या. पण रविवारी परत तसं झालं, तर माईक जाईल. माझ्या हातात नाही."

त्या आठवड्यात गेणभाऊंनी ओसरीवर सराव केला. प्रयागबाईंनी ताकीदच दिली होती. "त्या पोराचं ऐका. नाव घ्यायचं आन् गप बसायचं. न्हाईतर परत कोंबड्या हायतच. आन् मला त्यो तीन दिसाचा गपगुमानपणा परत नको." त्या हसत म्हणाल्या, पण शेवटचं वाक्य हसत म्हणाल्या नाहीत.

म्हणून गेणभाऊ बसले, कानावर हात न ठेवता, आणि सपाट आवाजात म्हणाले, "नऊ नंबर. मिनिट बारा."

दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना शेजारच्या कुशाबाई पदर खोचत धावत आल्या. "कोण गेलं वं? दहावा कधीचाय?"

"कोण न्हाई गेलं. सराव चाललाय."

"कशाचा?"

"आनंद न व्हण्याचा," प्रयागबाई म्हणाल्या.

रविवार आला. पाहुणे शिलाँगचेच. वहीत अठरा आयांची नावं पक्की. पायऱ्यांवर बरीच माणसं, कारण बुडणारी गोष्ट बघायला आमच्याकडे गर्दी होते. अठ्ठ्याहत्तर मिनिटं शून्य-शून्य. ऋषीने गॉगल डोक्यावरून काढून हातात घेतला होता आणि त्याची एक काडी चावत होता. बरोबरी राहिली तर क्लब वाचणार, आणि मचाणावरचा माणूसही.

ऐंशीव्या मिनिटाला पाहुण्यांनी एक पोरगं आत सोडलं. बारीक, केस कपाळावर, पाठीवर एकतीस. गेणभाऊंनी वही चाळली. एकतीस नव्हता. पोरगं सकाळच्या विमानाने आलेलं, यादी आधीची. पाठीवरचं नाव तेवढं दिसत होतं, किटबोक.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला एकतीस नंबरने डाव्या बाजूने चेंडू घेतला. एकाला चुकवलं, दुसरा आपणहून पडला, आणि त्याने असा मारला की आपला गोलकीपर नुसता मागे वळून बघत राहिला.

ऋषीने मान वर करून मचाणाकडे बघितलं. गेणभाऊंनी माईक खाली ठेवला होता. ऋषीच्या जिवात जीव आला. क्लब गेला होता, पण काकांनी ऐकलं होतं. त्याने दुरून अंगठा दाखवला.

गेणभाऊंना अंगठा दिसला नाही. ते शिडीवरून पाठमोरे उतरत होते.

उतरले, वही काखेत, आणि मैदानाला वळसा घालून पाहुण्यांच्या बाकाकडे निघाले. सामना चालूच होता. गुडघा दुखरा, त्यामुळे वेळ लागला. रस्त्यात लोक विचारत होते, "गेणभाऊ, कुटं?" आणि ते सांगत होते, "नाव न्हाई माज्याकडं."

पाहुण्यांच्या मॅनेजरने हात जोडले. "काका, फिर से आप?"

"इकतीस. माँ का नाम. गाव."

"अभी तो आया लड़का, मुझे भी नहीं मालूम. मैच के बाद देता हूँ."

"बाद में किस को बोलूँ? घरला जायेंगे सब."

तेवढ्यात चेंडू त्याच बाजूला बाहेर गेला आणि तो फेकायला नेमकं एकतीस नंबरच आलं. मॅनेजरने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. पोरगं चेंडू डोक्यावर धरून उभं राहिलं, बुचकळ्यात पडलं, मग सविस्तर सांगायला लागलं. गेणभाऊ लिहायला लागले. गावाचं नाव त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं. पंच धावत आले आणि वेळ काढतोस म्हणून पोराला पिवळं कार्ड दाखवलं. आईचं नाव सांगितल्याबद्दल कार्ड मिळालेला खेळाडू आम्ही तरी तो एकच पाहिला.

गेणभाऊ परत वळसा घालून शिडीशी आले. शिडीखाली ऋषी उभा होता.

"काका, प्लीज. झालाय गोल. लोक विसरले पण आता."

"म्हणून तर," गेणभाऊ म्हणाले. "बाजूला व्हय रं बाळा, गुडघा वाकत न्हाई."

ऋषी बाजूला झाला. हे त्याने नंतर कंपनीला सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, सगळं शांत असताना, उजवा हात कानावर गेला.

"आंऽऽगं! झाला झाला झाला! कधी झाला विचारू नका, झाला! एकल्यानं नेला, एकल्यानं घातला, दोघांना इचारलं सुदीक न्हाई! नाव ऐका! मौफलांग गावच्या इबानरीबाई, त्यांचे चिरंजीव किटबोक! पोरगं सकाळी इमानातनं उतरलंय, अजून जेवलं न्हाई, जेवल्यावर काय करंल!"

पायऱ्यांवरच्या निम्म्या लोकांना वाटलं, दुसरा गोल झाला. ते उठून घरी गेले. उरलेल्यांनी टाळी दिली. तिकडे एकतीस नंबर खेळ सोडून मचाणाकडे बघत उभा होता, कारण त्याला सगळ्या गदारोळात तीनच शब्द कळले होते, आणि त्यातला एक आईचा होता.

सामना एक-शून्य गेला. संघ खालच्या लीगमध्ये गेला. मंगळवारी गेणभाऊंना पत्र आलं. इंग्रजीत होतं, वर लिहिलं होतं, 'श्री. जी. भाऊ'. आणि खाली ठळक अक्षरांत, मंगळवारपासून सेवा संपली.

गेणभाऊंनी पत्र परत केलं. ऋषीला फोनवर म्हणाले, "ह्यो जी. भाऊ कोण? बापाचं नाव न्हाई, गाव न्हाई. माणूस कळल्याशिवाय मी त्याचं पत्र कसं घिऊ?"

"काका, बेसिकली ते तुम्हीच आहात."

"मंग तसं लिव्हा. गेणभाऊ सावळाराम वाळुंज, मुक्काम लोणी, तालुका आंबेगाव. मग मी घेतो की, भांडत न्हाई."

ऋषीने पत्र कंपनीच्या दिल्लीकडच्या कचेरीत पाठवलं. तिथे वडिलांचं नाव टाकायला कुठल्या साहेबाची परवानगी लागते हे ठरायला अकरा दिवस गेले. तोवर शेवटच्या सामन्याचा रविवार आला. पुण्याचा डीजे खालच्या लीगमध्ये गेलेल्या संघाला यायला तयार नव्हता. ऋषी म्हणाला, "काका, या. पत्र तुम्ही घेतलेलंच नाही."

गोव्याचा संघ आला होता. पायऱ्यांवर भेळवाल्यासकट सव्वाशे माणसं. गेणभाऊ तयार बसले, वही उघडी, छत्तीस पोरांचे बाप आणि गावं, शिवाय या वेळी बदली खेळाडूंच्याही बदल्या. प्रयागबाईंनी सकाळी एवढंच म्हटलं होतं, "आज मन भरून बोला. उद्याचं उद्या."

आणि सामना शून्य-शून्य सुटला. एकदाही पुकारायला मिळालं नाही.

पोरं हात मिळवून आत निघाली होती. घाटात कधीकधी गाडे फार येतात, उजेड जातो आणि पंधरा-वीस बाऱ्या राहून जातात. मालक लांबून आलेला असतो, बैल न पळताच परत न्यायचे असतात. तेव्हा निवेदक राहिलेल्यांची नावं वाचतो. सेकंद नाहीत, नंबर नाही, नुसती नावं. माणूस आला होता, एवढं चार लोकांना कळावं म्हणून.

"थांबा पावणं," गेणभाऊ माईकवर म्हणाले. "बाऱ्या राहिल्यात."

गोव्याच्या पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. बाप, गाव, तालुका. दहाव्या नावाला लाऊडस्पीकरवाला पोरगा हळूच म्हणाला, "भाऊ, नारायणगावला हळद हाय, सेट न्यायचाय." आणि वायर काढली. गेणभाऊंनी हात कानावरून काढला नाही. अकरावं नाव तसंच घेतलं, माईकशिवाय, फक्त मोठ्याने. पोरं परत बाहेर आली. ज्याचं नाव येईल तो हात वर करायचा. मणिपूरच्या गोलकीपरने दोन्ही हात वर केले. छत्तीस झाल्यावर पंच झाले, रेषेवरचे दोघे झाले. ऋषी शिडीखाली हातात पाकीट घेऊन उभा होता. दिल्लीहून दुपारीच आलं होतं.

संपल्यावर गेणभाऊ उतरले, पाकीट फोडलं, वाचलं. गेणभाऊ सावळाराम वाळुंज, मुक्काम लोणी, तालुका आंबेगाव.

"आता बराबर हाय," ते म्हणाले आणि सही केली.

तारीख मात्र कुणी बदलली नव्हती, आधीच्या मंगळवारचीच होती. क्लब पुढच्या मोसमात उतरलाच नाही, त्यामुळे तो सामना क्लबाचा शेवटचा ठरला, आणि त्याचा लीगकडे गेलेला कागद ऋषीने गेणभाऊंना नेऊन दाखवला. गोल : नाही. उद्घोषक : नाही.

गेणभाऊ चार दिवस हातवारे करूनच बोलत होते, म्हणून कागदाचं मराठी ऋषीने प्रयागबाईंना केलं. म्हणजे बेसिकली, रेकॉर्डप्रमाणे त्या दिवशी तिथे कुणी काही पुकारलेलंच नाही.

प्रयागबाई काढ्याचं आलं ठेचत होत्या. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"मंग ह्यांचा घसा कशानं बसला?"